बियांपासून अडेनियम : पेरणीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

अडेनियमचं बी रुजवायला विशेष कसब लागत नाही. बी ताजं असलं आणि हवेत ऊब असली की चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतो आणि आठ-दहा दिवसांत पेरलेल्यापैकी बहुतेक बिया उगवतात. पुढचे दोन-तीन महिनेही सुखाचे जातात. मग जून येतो. झड लागते, चार-चार दिवस ऊन दिसत नाही, कुंडी वाळत नाही, आणि कालपर्यंत टवटवीत दिसणारं रोप एके सकाळी बोट लावताच आडवं होतं. बुंधा आतून सडून गेलेला असतो. हौसेने बिया आणून पेरल्या आणि नंतर नाद सोडला, अशी जी मंडळी भेटतात त्यांतल्या बहुतेकांची रोपं अशीच गेलेली असतात. तेव्हा बी पेरण्याआधीच एक हिशेब मनाशी पक्का करावा. पहिला पाऊस पडेल तेव्हा रोप केवढं झालेलं असेल, कोणत्या मिश्रणात असेल आणि कोणत्या छपराखाली असेल? एवढं ठरलेलं असेल तर अडेनियम कोकणातसुद्धा उत्तम होतं.

हे झाड कुठलं ते कळलं की त्याच्या देखभालीतल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेल पट्टा, पूर्व आफ्रिका, येमेन आणि ओमान हा याचा मुलूख. तिथे ते खडकांच्या खबदाडीत आणि डोंगरउतारावर वाढतं. पडलेलं पाणी तिथे मुळाशी थांबत नाही. पाऊस वर्षातले थोडेच दिवस. बाकीचा काळ खोडात आणि मुळांत साठवलेल्या पाण्यावर काढायचा, म्हणून बुंधा फुगतो. नर्सरीवाले याच बुंध्याला कॉडेक्स म्हणतात, आणि जुन्या अडेनियमची किंमत फुलापेक्षा या कॉडेक्सवरच ठरते.

येमेनमधल्या या झाडाची पहिली शास्त्रीय नोंद केली ती लिनियसचा विद्यार्थी पीटर फोर्सकॉल याने. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर तो तिथे गेला होता आणि १७६३ साली तिथेच हिवतापाने वारला. त्याची टिपणं १७७५ मध्ये छापून घेतली ती मोहिमेतून एकट्याच जिवंत परतलेल्या कार्स्टेन नीबुरने. हाच नीबुर येमेनहून पुढे मुंबईला आला आणि घारापुरीच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटनं नंतर युरोपात प्रसिद्ध झाली. फोर्सकॉलने अडेनियमला कण्हेरीच्या प्रजातीत बसवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ते वेगळं काढलं, पण कूळ एकच राहिलं. कण्हेर, चाफा, सदाफुली, तगर, रुई ही सगळी त्याच घराण्यातली. कापलं की चीक येतो, त्या चिकात विष असतं, आणि कण्हेरीवर येणाऱ्या अळ्या अडेनियमवरही येतात, हे सगळं त्या नात्यामुळेच.

बी आणि पेरणीची वेळ

अडेनियमची शेंग जोडीने येते, शिंगांसारखी. पिकली की उभी उलते आणि आतून सेंटीमीटरभर लांबीच्या, काडीसारख्या तपकिरी बिया बाहेर पडतात. रुईच्या बीला एकाच टोकाला केसांचा झुपका असतो. अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना. वारा आला की बी गडगडत दूर जातं. विकत मिळणाऱ्या बियांचे हे झुपके बहुधा आधीच काढलेले असतात. नसतील तर काढून टाका, कारण ओल्या मिश्रणात त्यांच्यावर बुरशी चटकन धरते.

बी घेताना एकच गोष्ट धसाला लावा, ती म्हणजे ताजेपणा. शेंग फुटल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उगवण उत्तम असते, नंतर ती घटत जाते. चिमटीत धरल्यावर बी भरीव आणि टणक लागलं पाहिजे. चपटं, पोकळ लागणारं बी रुजत नाही. विकणाऱ्याला शेंग कधी फुटली ते विचारा. सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. दुसरी गोष्ट रंगाची. बियांच्या पाकिटावर जे फूल छापलेलं असतं तेच तुमच्या रोपाला येईल असं नाही. संकरातून आलेलं प्रत्येक रोप रंगात आणि पाकळ्यांच्या घडणीत वेगळं निघू शकतं. ठरावीक जातीचं, ठरावीक रंगाचं फूल हवं असेल तर कलम घ्यावं लागतं. आणि निळ्या अडेनियमच्या बिया म्हणून जे विकलं जातं ती सरळ फसवणूक आहे. निळ्या फुलाचं अडेनियम अस्तित्वात नाही.

मग बियांपासून करायचं कशाला? कॉडेक्ससाठी. फांदी लावून केलेल्या अडेनियमला मुळं फुटतात, फुलंही येतात, पण बियांच्या रोपाला पहिल्या वर्षापासून जसा गोल, भरदार बुंधा धरतो तसा फांदीच्या रोपाला सहसा धरत नाही. ज्या खुंटावर महागडी कलमं बांधली जातात तो खुंटही बियांपासून केलेलाच असतो. शिवाय प्रत्येक रोप निराळं निघणं हा मला तोटा वाटत नाही. पहिली कळी उमलेपर्यंत रंग कळत नाही, यात मोठा आनंद आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने साध्या, एकेरी गुलाबी फुलाच्या घरगुती झाडाच्या बिया घ्याव्यात. त्या स्वस्त असतात आणि त्यांची रोपं काटक निघतात. अरेबिकमसारख्या बसक्या, रुंद बुंध्याच्या जाती किंवा थायलंडमध्ये तयार झालेले सोको प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणा.

बीला २५ ते ३२ अंश तापमान मानवतं. रात्री गार असतील तर बी रुजायला वेळ लावतं आणि तेवढ्या वेळात कुजतं. त्यामुळे पुणे, सातारा, कोल्हापूरकडे फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य ही वेळ योग्य. नाशिक-निफाडकडे रात्रीचा गारवा जरा लांबतो, तिथे मार्च उजाडू द्यावा. विदर्भ-मराठवाड्यात मात्र फेब्रुवारीच्या मध्यालाच पेरून टाकावं, म्हणजे एप्रिल-मेचा चटका बसेपर्यंत रोपांना थोडा दम आलेला असतो. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यासाठी माझं मत थोडं वेगळं आहे. तिथे थंडी नावापुरतीच असते आणि पावसाळा मात्र जोरदार. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलं तर पुढच्या जूनपर्यंत रोपाला आठ महिने मिळतात. फेब्रुवारीत पेरलेल्या रोपाला जेमतेम चार. आठ महिन्यांच्या रोपाचा बुंधा अंगठ्याएवढा जाड झालेला असतो आणि ते ओल बरीच सोसतं. एप्रिल-मेमध्ये हाती आलेलं बी किनारपट्टीवर लगेच पेरू नये. हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवून ऑक्टोबरपर्यंत थांबावं. उगवण थोडी घटेल, पण सगळी रोपं पावसात घालवण्यापेक्षा ते परवडतं.

पेरणी

पेरणीच्या मिश्रणात माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको. बीमध्ये पहिल्या काही आठवड्यांपुरतं अन्न असतंच, आणि खताबरोबर बुरशी येते. निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट पुरेसं आहे. परलाइट मिळत नसेल तर चाळून, धुऊन घेतलेली जाड वाळू चालते. बारीक वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीटमध्ये क्षार असतात. ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलून घ्या. शेवटचं पाणी उकळतं ओतलं तर मिश्रण निर्जंतुकही होतं. गार झाल्यावर घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये.

भांडं फार खोल नको. आठ-दहा सेंटीमीटर उंचीचा, तळाला भरपूर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा किंवा रोपांचा ट्रे घ्या. बिया दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवा. कृषी सेवा केंद्रात कार्बेन्डाझिम मिळतं, ते लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात त्याच पाण्यात घातलं तर रोपं लहानपणी कोलमडण्याचा धोका कमी होतो. हे बुरशीनाशक हाताळताना हातमोजे घाला आणि पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. रसायन नको असेल तर पेरणीनंतर ट्रायकोडर्माचं पाणी द्या. दोन्ही एकत्र मात्र वापरू नका, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

बी आडवं ठेवायचं, दोन बियांत तीन सेंटीमीटर अंतर सोडायचं आणि वरून अर्धा सेंटीमीटर मिश्रण भुरभुरायचं. खोल गाडलेलं बी वर येताना दमतं. पाणी वरून धारेने न घालता डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून चढू द्या. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत डब्यावर भोकं पाडलेलं प्लास्टिक ताणून लावावं लागतं. मुंबईत त्याची गरज नाही. पहिला कोंब दिसला की प्लास्टिक लगेच काढा. दमट, कोंदट हवेत दाटीने उभी असलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. असं एखादं दिसलं तर ते आजूबाजूच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून टाका, पाणी थांबवा आणि डबा वाऱ्याला ठेवा. पंखा चालेल, फ्रीजच्या मागचा कोपरा चालणार नाही.

काही रोपं बीचं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतात. ते ओढून काढायचा मोह होतो, पण त्यात बीजपत्रं फाटतात, कधी शेंडाच तुटतो. फवाऱ्याने ओलं ठेवा, दोन दिवसांत आपोआप गळून पडेल.

पहिले दोन आठवडे भरपूर उजेडाची सावली पुरे. दुसरी पानांची जोडी आली की सकाळचं तास-दोन तास ऊन द्यायला लागा आणि महिन्याभरात ते चार-पाच तासांवर न्या. उजेड कमी पडला की रोपं लांब, बारीक होतात आणि बुंधा धरत नाही. ही उणीव पुढे भरून निघत नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी पन्नास टक्के सावलीची शेडनेट हवीच.

पाण्याबाबत एक समज फार पसरलेला आहे. अडेनियम वाळवंटातलं, म्हणून त्याला पाणी कमीच द्यायचं, असं मानून लोक उन्हाळ्यात कोवळ्या रोपांनाही आठवडा-आठवडा उपाशी ठेवतात. मोठ्या झाडाच्या बुंध्यात साठा असतो, महिन्याच्या रोपात काय असणार? उकाड्यात, वाढीच्या दिवसांत लहान रोपाला पाणी भरपूर लागतं. वरचा थर सुकला की द्या, मे महिन्यात रोजही द्यावं लागेल. पाणी थांबून राहता कामा नये, एवढंच बघायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.

कुंडीतलं मिश्रण

सहा-आठ पानं आली की, साधारण दीड-दोन महिन्यांनी, रोप तीन-चार इंची कुंडीत हलवायचं. हेच मिश्रण पावसाळाभर त्याच्या मुळांशी राहणार आहे, म्हणून इथे हात आखडता घेऊ नका. काळी माती अजिबात नको, ती ओल धरून ठेवते आणि सुकली की मुळांना आवळते. कोकणातली लाल मातीही बारीक असेल तर दाबून बसते. आपल्याकडे मिळणाऱ्या गोष्टींत सगळ्यांत कामाच्या म्हणजे चाळलेला मुरूम, भाजक्या विटांचे बारीक तुकडे, बारीक खडी आणि कोळशाच्या भट्टीतली जळकी खडबडीत खर. दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे घ्या आणि त्यांतली धूळ चाळणीने पूर्ण काढून टाका. धूळ राहिली की ती तळाशी जाऊन भोकं बुजवते. असे दाणे दोन भाग, कोकोपीट एक भाग, चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळखत अर्धा भाग, आणि कुंडीमागे चमचाभर निंबोळी पेंड. किनारपट्टीवर आणि घाटमाथ्याच्या आसपास दाणे अडीच-तीन भाग करा; सोलापूर, लातूरकडे दीड भागानेही भागेल.

मिश्रण जमलं की नाही ते रोप लावण्याआधी तपासता येतं. रिकाम्या कुंडीत भरा, वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं न करता लगेच खालून वाहायला लागलं पाहिजे. थबकलं तर आणखी दाणे घाला. कुंडी मातीची असेल तर उत्तम, तिच्या भिंतीतूनही ओल उडते. रोपाच्या मानाने कुंडी लहान असावी. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं. कुंडीखाली बशी ठेवू नका, दोन विटांवर उचलून ठेवा.

पहिला पावसाळा

मे संपताना जागा ठरवा. रोपाला पाऊस नको, पण उजेड आणि वारा हवा, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणारी जागा घरात शोधावी लागते. खिडकीच्या छज्ज्याखालची ग्रिल, बाल्कनीचा पुढचा कठडा, गच्चीवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर करून चारही बाजू मोकळ्या ठेवलेली मांडणी, असं काहीही चालेल. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलेला मांडव चालत नाही. आत घाम धरतो आणि बुरशीला तेच हवं असतं. दिवाणखान्याच्या टेबलावर तर मुळीच नको. तिथे रोप भिजत नाही, पण उजेडाअभावी फिकं पडून लांबतं आणि मग थोड्याशा पाण्यानेही सडतं.

लोणावळा, महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर रोपावर पावसाचा थेंब पडू देऊ नये. पुण्यात एखादी सर अंगावर घेतली तर बिघडत नाही, पण पुढचे दोन दिवस ऊन मिळालं पाहिजे. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात निचऱ्याच्या मिश्रणातली रोपं बाहेरही राहतात. सलग झडीच्या दिवसांत तेवढी आत घ्यावीत.

पाणी कधी द्यायचं हे पावसाळ्यात वार पाहून ठरवता येत नाही. उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसून ठेवा आणि पाच मिनिटांनी बाहेर काढा. ओलसर, गार लागली तर पाणी नको. पूर्ण कोरडी निघाली आणि बाहेर थोडं ऊन असेल तरच सकाळी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये ही पाळी दहा-पंधरा दिवसांनी येते. या दोन महिन्यांत खत थांबवा, कुंडी बदलू नका, छाटणी करू नका. जखम ओल्या हवेत सुकत नाही आणि सडण्याची सुरुवात तिथूनच होते. खालची एक-दोन पानं पिवळी पडून गळाली तर घाबरायचं कारण नाही.

बुंधा मात्र आठवड्यातून एकदा चिमटीत धरून पाहा. तो कच्च्या बटाट्याइतका टणक असावा. मऊ लागला तर त्याची दोन कारणं असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांविरुद्ध आहेत, म्हणून घाई करू नका. मिश्रण कोरडं ठणठणीत आहे, बुंधा सगळीकडून सारखा सैल आणि सुरकुतलेला आहे, कुंडी उचलल्यावर हलकी लागते, तर रोप तहानलेलं आहे. पाणी द्या, दोन-तीन दिवसांत भरून येईल. मिश्रण ओलं आहे, बुंधा एकाच बाजूला किंवा जमिनीलगत पिचपिचीत झाला आहे, तिथली साल तपकिरी पडून बोटाने सरकते, वासही येतो, तर सड लागलेली आहे. अशा वेळी पाणी दिलं तर रोप गेलंच.

सडलेलं रोप तिथल्या तिथे उपटा, मुळं धुवा, आणि धारदार सुरी स्पिरिटने पुसून सडका भाग कापत जा. आतला गर पांढरा, स्वच्छ दिसेपर्यंत कापायचं. तपकिरी ठिपका राहिला तरी सड परत पसरते. प्रत्येक कापाआधी सुरी पुसा. जखमेवर कोरडी बुरशीनाशक पूड लावा, घरात दुसरं काही नसेल तर हळद. मग रोप वाऱ्याच्या सावलीत उघडंच टांगून ठेवा. लहान रोपाची जखम पाच-सहा दिवसांत धरते, मोठ्या झाडाला दोन आठवडेही लागतात. जखमेवर कोरडी खपली आल्यावर कोरड्या मिश्रणात लावा आणि आणखी आठवडाभर पाणी देऊ नका. खोडाचा वरचा भाग जरी शाबूत राहिला तरी बऱ्याचदा रोप वाचतं, फक्त बुंध्याचा आकार बदलतो.

नंतरची निगा

पावसाळा ओलांडलेलं रोप निम्मी लढाई जिंकलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये त्याला हळूहळू पूर्ण उन्हात आणा आणि खत परत सुरू करा, आता लिटरला एक ग्रॅम. थंडीत रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरलं की वाढ थांबते, पानं गळतात. नाशिक, अमरावती, नागपूरकडे हे दरवर्षी होतं. पानं गळालेल्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा थोडं पाणी पुरे. कळ्या हव्या असतील तर थंडी ओसरल्यावर नत्र कमी असलेलं खत, म्हणजे ००:५२:३४ किंवा १३:००:४५, आलटूनपालटून द्या. नत्र जास्त झालं की पानंच वाढतात. पहिलं फूल आठ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत कधीही येऊ शकतं. पहिल्या बहराची फुलं बऱ्याचदा लहान आणि फिकी असतात, तेवढ्यावरून रोपाची पारख करू नका.

बुंध्याला आकार देण्याचं काम पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाड कुंडीतून काढून मुळं धुवा. सरळ खाली गेलेलं सोटमूळ तळाकडून कापलं की बाजूची मुळं जाड होतात. जखमा चार-पाच दिवस सुकवून झाड पुन्हा लावताना ते आधीपेक्षा दोन सेंटीमीटर वर उचलून लावायचं. दरवर्षी असं केलं की वर आलेली मुळं बुंध्यातच सामावतात आणि पायथा रुंद होत जातो. नव्याने उघड्या पडलेल्या मुळांची साल कोवळी असते, त्यांना पहिले पंधरा दिवस कडक ऊन लागू देऊ नका. शेंड्याची छाटणीही याच वेळी केली की उन्हाळ्यात नव्या फांद्यांवर बहर येतो.

किडींमध्ये उन्हाळ्यातला लाल कोळी सगळ्यांत त्रासदायक. पानं निस्तेज होतात, मागे बारीक जाळी दिसते. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा रोज मारला तर सुरुवातीलाच आटोक्यात येतो. नाहीच आला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण कापसाला स्पिरिट लावून पुसून काढा. कळ्यांवर आणि शेंगांवर येणारा पिवळा मावा पाण्यानेच जातो.

अळ्यांबद्दल मात्र एक विनंती आहे. पावसाळ्याच्या आगेमागे एका रात्रीत सगळी पानं फस्त झालेली दिसली तर फांदीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधा. डोक्यामागे डोळ्यासारखे दोन निळसर ठिपके असतात. ती कण्हेरीवरच्या हिरव्या पतंगाची अळी, आणि हा पतंग आपल्याकडच्या देखण्या पतंगांपैकी एक आहे. कधी आडव्या पट्ट्यांची, अंगावर काळसर धाग्यांच्या जोड्या असलेली अळी दिसते. ती कॉमन क्रो या तपकिरी फुलपाखराची. औषध मारू नका. अळी पानासकट उचलून जवळच्या कण्हेरीवर सोडून द्या. अडेनियमला पानं दोन आठवड्यांत परत येतात.

चिकाबद्दल कुठलीही सवलत नाही. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत शिकारी याचा अर्क बाणांना लावत आले आहेत. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, नंतर साबणाने हात धुवा. रांगतं मूल, मांजर, कुत्रा घरात असेल तर कुंडी उंचावर हवी. छाटलेल्या फांद्या गाई-शेळ्या फिरतात तिथे फेकू नका.

परदेशातल्या मराठी वाचकांपैकी आखातात राहणाऱ्यांना पावसाची चिंता नाही. ओमानच्या धोफार डोंगरांत तर हे झाड रानातच दिसतं. तिथे ऑक्टोबरमध्ये पेरा आणि पुढच्या उन्हाळ्यात दुपारची सावली द्या. इंग्लंड-अमेरिकेत पेरणीला गरम गादी आणि वाढीचा दिवा लागेल, आणि रात्री बारा अंशांच्या खाली गेल्या की झाड घरात.

झाडं दोन वर्षांची झाली की बी घरचंच करता येतं. आपल्याकडे याच्या फुलांना आपोआप शेंगा क्वचितच धरतात, कारण फुलाच्या नळीत परागकोश एकमेकांना टेकून शंकू करून बसलेले असतात आणि पराग त्या शंकूच्या आत वरच्या टोकाला असतात. सकाळी, कालच उमललेलं एक फूल घ्या, पाकळ्यांची नळी फाडा, सुईने शंकू उघडून पिवळट पराग बारीक ब्रशच्या टोकावर उचला. मग दुसऱ्या झाडाच्या फुलाची नळी तशीच उघडी करून, शंकूच्या तळाशी दोन परागकोशांमधल्या फटीतून तो ब्रश आत सरकवा. त्याच झाडाचे पराग बहुधा धरत नाहीत, म्हणून झाडं दोन हवीत. काही दिवसांत शिंगांची जोडी दिसू लागते आणि पिकायला तीनेक महिने घेते. ती तपकिरी पडायच्या आधी सुती दोऱ्याने तीन-चार ठिकाणी सैल बांधा किंवा जाळीची पिशवी चढवा, नाहीतर एका दुपारी शेंग उलेल आणि बिया वाऱ्याबरोबर जातील. काढलेल्या बिया दोन दिवस सावलीत सुकवा, कागदी पाकिटात भरा आणि पाकिटावर दोन्ही झाडांचे रंग आणि शेंग फुटल्याची तारीख लिहा. तुमच्याकडून बी नेणारा पहिल्यांदा ती तारीखच विचारणार आहे.